उताण्यांचं डबकं

घमेल्यातलं पाणी आज आणखी दोन बोटं उतरलं. मी त्यात भर घालणार नाही.

बोरी बुद्रुकच्या आमच्या घराच्या पडवीत, पावसाची तिरकी सर पोचत नाही पण उजेड पोचतो अशा कोपऱ्यात हे घमेलं ठेवलंय. इनॅमलचं, पांढरं, कडेचा टवका उडालेलं. तळाला मूठभर माती, वर पावसाचं पाणी आणि पाण्यात नखाएवढे तीन जीव. काचेसारखे आरपार. पोट आभाळाकडे करून पाठीवर पोहतात. आबा, म्हणजे माझे वडील, येता-जाता वाकून बघतात. "मोर्चे संपले वाटतं. आता किडं राखायला बसलीस व्हय?" एरवी उत्तर द्यायला मला वेळ लागत नाही, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. या घमेल्यापाशी मात्र माझं तोंड आपोआप मिटतं.

श्रावण आला की आमच्याकडे नुसती भुरभुर असते. पश्चिमेला, नाणेघाटाच्या अंगाला, आभाळ काळं होऊन डोंगरावर टेकलेलं दिसतं. तिकडे दहा-दहा दिवस सूर्य दिसत नाही. ते सगळं पाणी धरणात येतं, धरणातून कालव्यात आणि कालव्यातून आमच्या उसात, कांद्यात. चैत्रात आमच्या पाटाला पाणी खळखळत असतं, तेव्हा त्याच डोंगरातल्या घाटघरच्या बायका वाटीवाटीनं झरा उपसत हंडा भरत बसलेल्या असतात. मी कॉलेजात असताना एकदा हे डोळ्यांनी पाहिलं. घरी आले, जेवायला बसले, ताटात आमच्याच शेतातला कांदा होता. तो मी खाल्ला नाही. आबा म्हणाले, "कांद्यानं काय केलंय तुझं?" त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी पहिलं पत्रक लिहिलं.

मग लिहीतच गेले. आळेफाट्याच्या छापखान्यात गुलाबी आणि पिवळ्या कागदावर. 'घाटाचं पाणी घाटाला!' 'आणखी किती वर्षं हंडा?' प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह. आम्ही सात-आठ पोरं-पोरी होतो, एसटीनं फिरायचो, ग्रामसभेत उभं राहून भांडायचो. त्या कामाची मला आजही लाज वाटत नाही. लाज वेगळ्या गोष्टीची वाटते. पत्रकं लिहून लिहून माझं ऐकणं गेलं होतं. समोरचा बोलायला लागला की त्यातून मथळा कुठला निघतो एवढंच मी बघायचे. मथळा निघाला की माझे कान बंद.

अशाच एका श्रावणात घाटघरला गेले होते ते सह्या गोळा करायला. गावाच्या वर कातळाचं मोठं पठार आहे. पावसाळ्यात त्यावर जागोजाग डबकी भरतात, काही ताटाएवढी, काही खळ्याएवढी. सगळ्यांत मोठ्याला म्हशीचं डबकं म्हणतात, कारण ठकूबाईच्या म्हशी त्यात लोळायच्या. ठकूबाई पन्नाशीची. दोन म्हशी आणि एक जीभ, तिन्ही तिनं उत्तम राखलेल्या. तिची सही, म्हणजे अंगठा, घ्यायला मी तिच्यामागं पठारावर चढले. धुकं असं दाट की पुढे चालणाऱ्या म्हशीचं नुसतं शेपूट दिसत होतं. ओलं गवत पोटऱ्यांना चिकटत होतं, कातळावर शेवाळ, आणि सगळीकडून पाण्याचा आवाज येत होता, पण पाणी कुठं वाहतंय ते दिसत नव्हतं.

डबक्याच्या काठावर एक माणूस पालथा पडलेला दिसला. मला वाटलं घसरून पडला. मी धावले. तर तो माणूस हातात चहाची गाळणी घेऊन पाण्यात बघत होता.

"मास्तर," ठकूबाई मागून ओरडली, "गाळणी हाय, मग दूध-साखर कुठंय?"

"दूध तुमच्या म्हशीचं. साखर तुमच्या बोलण्यातली," तो न वळता म्हणाला.

हे रफिकसर. जुन्नरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांच्या घराण्यात पूर्वी हातकागद व्हायचा. "आजोबा चाळणीनं पाण्यातून कागद उचलायचे," ते सांगत, "मी किडे उचलतो. हात तोच." रविवारी, सुट्टीला, पदरचं तिकीट काढून ते डबक्या-ओढ्यांतून फिरायचे. खेकडे, झिंगे आणि त्यांच्या गोतातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव हा त्यांचा विषय.

त्यांनी इनॅमलच्या पांढऱ्या ताटलीत गाळणी उपडी केली. आधी मला काहीच दिसलं नाही. मग पाणी हलल्यासारखं झालं आणि त्या हलण्याला डोळे आहेत हे कळलं. देठावर बसवलेले दोन काळे ठिपके. मागोमाग शरीर दिसलं : सुपारीच्या खांडाएवढं, शेपटाकडे किंचित केशरी, आणि अंगावर पायांच्या अकरा जोड्या. पाय एकामागून एक हलत होते, वाऱ्यानं भाताचं शेत हलतं तसे. आणि सगळं उलटं. पाठ खाली, पाय वर.

"उताण्या हायेत त्या," ठकूबाई म्हणाली.

"हे नवीन असू शकतं," सर हळूच म्हणाले. "पुस्तकात मी असं पाहिलेलं नाही."

"नवीन?" ठकूबाईनं पदर तोंडाला लावला. "माझ्या सासूच्या टायमाला बी व्हत्या की. तुमच्या पुस्तकालाच उशिरा कळलं म्हना."

सर इतके हसले की ताटली डचमळली. मी हसले नाही. माझ्या डोक्यात मथळा तयार झाला होता : 'जगात कुठेही नाही असा जीव घाटघरला!' एकदा हे नाव छापून आलं की या पठाराकडे सगळ्यांना बघावं लागेल. पठाराकडे बघतील तर हंड्याकडेही बघतील. असा माझा हिशोब. उताण्या मला मुद्दा म्हणून हव्या होत्या.

नंतरचा सगळा पावसाळा मी सरांबरोबर फिरले. आंबेगावच्या बाजूला भीमाशंकरच्या उतारावरची डबकी पाहिली, डिंभ्याच्या पाण्याकाठची पाहिली. कुठं दुसऱ्याच जातीचे जीव मिळायचे, कुठं नुसते बेडूकमासे. उताण्या फक्त म्हशीच्या डबक्यात. जुन्नरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत सर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसत आणि दुसरा डोळा कागदावर ठेवून पेन्सिल चालवत. एक पाय काढायला एक दुपार. खिडकीबाहेर पाऊस, आत स्पिरिटचा वास. बाटलीतली चिठ्ठीसुद्धा ते पेन्सिलीनंच लिहीत. शाई स्पिरिटमध्ये धुऊन जाते म्हणाले. मला ती गती सोसायची नाही.

"सर, नाव द्या ना. मी पत्रक टाकते."

"नाव देता येत नाही, अंजना. सगळ्या माद्याच मिळाल्यात. जात ठरते नराच्या डोक्यापुढच्या शिंगांवरून. आपण पोचलो तोवर नर मरून गेले होते. पुढच्या वर्षी लवकर जाऊ."

"म्हणजे अख्खं वर्ष?"

"घाई कुणाला आहे? तिला तर नाहीच," बाटलीकडे बोट करून ते म्हणाले.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहिते आहे ती सांगते. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा वर गेलो तेव्हा डबकं आटलेलं होतं. तळाला वीतभर गाळ, भेगा पडलेला, त्यावर म्हशींच्या खुरांचे ठसे. मला भडभडून आलं. परतीच्या एसटीत सर माझ्या शेजारी बसले होते. मी मांडीवर वही ठेवून खरडत होते. ते सांगत होते. गाडीच्या खडखडाटातही त्यांचा आवाज मला ऐकू येत होता, हे मी नाकारणार नाही. ते म्हणत होते की मेल्या त्या मेल्या, पण अंडी गाळात आहेत, खसखशीहून बारीक. ती वाळावीच लागतात, वाळल्याशिवाय फुटत नाहीत. डबकं आटतं म्हणून त्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून या आहेत. सगळं सांगितलं. मी "हं, हं" म्हणत होते. वहीत लिहीत होते : 'पाण्याअभावी तडफडून मेलेला एक जीव!'

ठकूबाईनंही सांगितलं. फाल्गुनात तिच्या ओट्यावर बसून मी आमचा बेत सांगत होते. डबक्यातला गाळ काढायचा, तळ खोल करायचा, पाणी सांडतं त्या ओठावर सिमेंटचा बांध घालायचा. पाणी चैत्रापर्यंत टिकेल. बायकांना पाणी, म्हशींना पाणी, उताण्यांना पाणी. तिनं तोंडात मिश्री फिरवत ऐकलं.

"बायांला पानी मिळंल ते बरं हाय. पर उताण्यांचं म्हनशील तर त्याला वाळू दे. वाळल्याबिगर त्या येत न्हाईत. ज्या साली दिवाळीपातूर पाऊस लांबतो त्याच्या म्होरल्या साली कमीच दिसत्यात."

मी काय केलं? मनात म्हटलं, बघा, लोकांना दुष्काळाची इतकी सवय झालीय की कोरडं पडणंसुद्धा त्यांना बरं वाटतं. आणि तेही पत्रकात घातलं.

वैशाखात श्रमदान झालं. सर तेव्हा पेपर तपासायला पुण्याला गेलेले. त्यांना कळवायला हवं हे माझ्या मनात आलं होतं. जुन्नरच्या एसटीडी बूथपर्यंत गेलेही. आत कुणीतरी पाव्हण्यांशी लग्नाचं बोलत होतं, संपेचना. उन्हात दहा मिनिटं उभी राहिले आणि निघून आले. वाटलं, आल्यावर भरलेलं डबकंच दाखवू, खूश होतील.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो, आणि वाईट हे की तो आनंदाचा दिवस होता. घाटघरची माणसं, खाली आळेफाट्यावरून आलेली आमची पोरं, सगळी मिळून साठेक. पहारींचा ठणठणाट, सुरुंग नको म्हणून हातानं फोडलेला कातळ, डोक्यावर करवंदांच्या जाळ्यांनी लगडलेला कडा. बायकांनी पिठलं-भाकरी आणलेली. कुणीतरी मला चिडवलं, "ओ पुढारीणबाई, भाषान बास, पाटी घ्या डोईवर!" आणि मी पहिली पाटी घेतली. पहिली पाटी माझी. गाळाची. वाळलेला, राखाडी, हातात घेतला की भुगा होणारा. चुंबळीतून तो माझ्या केसांत सांडला, मानेवर चिकटला. किती लाख अंडी माझ्या अंगावरून घरंगळली असतील, सांगता येत नाही.

गाळ चांगला म्हणून लोकांनी भातखाचरांत नेऊन टाकला. संध्याकाळपर्यंत तळ पाटासारखा स्वच्छ. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मृगानंतर डबकं भरलं. आयुष्यात कधी भरलं नव्हतं इतकं. सर गाळणी घेऊन आले आणि काठावर आल्या आल्याच थबकले. बांधाकडे पाहिलं. मग नेहमीसारखे पालथे झाले आणि गाळत राहिले. दुपारपर्यंत. ताटलीत नुसतं पाणी. पुढच्या रविवारी पुन्हा आले. त्याच्या पुढच्या रविवारीही. श्रावण संपला तरी नुसतं पाणी. तोवर कुणीतरी डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे आणून सोडले होते. आमच्याच पत्रकात तसा सल्ला होता.

ते रागावतील म्हणून मी तयार होते. वाद घालायला माझ्याकडे शब्द होते. त्यांनी एवढंच विचारलं, "गाळ कुठे टाकला?"

मी खाचरं दाखवली. चिखलणी होऊन लावणी झालेली, गुडघाभर पाण्यात हिरवंगार भात. त्यांनी पँट दुमडली आणि उतरले. एका खाचरातून दुसऱ्या खाचरात, बांधाबांधानं, वाकून गाळत. मी बांधावर छत्री धरून उभी. शेवटी ते बांधावर बसले, गाळणी उलटी करून झटकली आणि तिला चिकटलेलं भाताचं एक पातं काढून पाण्यात परत सोडलं.

"सर, बोला ना काहीतरी."

"मी एसटीत बोललो होतो," ते म्हणाले. आवाज चढवला नाही.

त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्यासमोर काढला नाही. फाइलीत मादीची सतरा चित्रं आहेत. वर नावाची जागा पेन्सिलीनं रेघ मारून मोकळी ठेवलेली, आणि खाली : नर अज्ञात.

मला कुणी दोष दिला नाही, हीच अडचण आहे. दोष दिला असता तर मी भांडले असते. डबक्याला आता होळीपर्यंत भरपूर पाणी असतं, आणि पुढंही तळ कधी उघडा पडत नाही. बायकांचा तासाभराचा फेरा वाचतो. मागं एकदा मी ठकूबाईला म्हणाले, "माझं चुकलं गं." ती हंडा बुडवत होती. म्हणाली, "पानी तर ग्वाड हाय की. रडतीस कशापायी?" मग हंडा काखेला लावून जरा थांबली. "त्या व्हत्या तवा आमी पोरं आनून दावायचो. आता दावायला काय न्हाई, एवढंच." हा बांध फोडा असं मी म्हणू शकत नाही. म्हणणारी मी कोण? बारमाही पाटाची पोर. ते डबकं तसंच राहायला हवं आणि तसं राहिलं म्हणून मला झोप लागू नये, या दोन्ही गोष्टी मला मान्य कराव्या लागतात. पत्रकात हे बसत नाही. पत्रकं मी अजून लिहिते, पण लिहून झालं की एक दिवस ठेवते, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचून दाखवते. पुष्कळदा फाडावं लागतं.

तीन-चार वर्षं मी खाचरांतली माती आणून याच घमेल्यात भिजवली. काही निघालं नाही. मग गेल्या उन्हाळ्यात ठकूबाईच्या सुनेनं घरात पत्र्याची कोठी आणली आणि जुनी कणगी मोडली. कणगी म्हणजे बांबूची विणलेली, माती-शेणानं लिंपलेली भाताची कोठीच. मी गेले तेव्हा ठकूबाईनं खताच्या रिकाम्या पिशवीत बांधून ठेवलेली ढेकळं माझ्यासमोर आदळली.

"घे. श्रमदानाच्या दिशी दोन पाट्या मी आनल्या व्हत्या, कनगी लिंपाया. शेताला न्हाई गेल्या त्या. तुज्या उताण्या असल्या तर ह्यात."

मी ती पिशवी मांडीवर घेऊन एसटीत बसले. शेजारी कुणी नव्हतं. अख्खा रस्ता मी काही लिहिलं नाही.

या वर्षी आषाढात पहिलं ढेकूळ भिजवलं. चौथ्या दिवशी पाण्यात केशरी धूळ उडाल्यासारखी दिसली. धूळ एका दिशेला जात होती. मी सरांना फोन केला. ते जुन्नरहून पहिल्या गाडीनं आले, चष्मा कपाळावर ढकलून घमेल्यावर वाकले आणि कितीतरी वेळ वर आलेच नाहीत. पुढच्या दोन आठवड्यांत बरेचसे मेले. तीन मोठे झाले. दोन माद्या. आणि तिसऱ्याच्या डोक्यापुढे, खेकड्याच्या नांगीसारखी वळलेली, दोन शिंगं.

ते कळल्यावर सर पुन्हा आले तेव्हा त्यांच्या पिशवीत स्पिरिटची बाटली होती. ती त्यांनी घमेल्याशेजारी ठेवली. झाकण उघडलं नाही. नर आत टाकला की शिंगं शाबूत राहतात, चित्र निघतं, नाव देता येतं. तसाच मरू दिला तर पाण्यात तासाभरात विरघळायला लागतो. इतकी वर्षं ज्या नावासाठी मी त्यांच्यामागं लागले होते ते बोटभर अंतरावर पोहत होतं, पोट वर करून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ठरव, असं ते म्हणाले नाहीत, पण थांबले.

"माद्यांच्या अंड्यांच्या पिशव्या रिकाम्या दिसतात," मी म्हणाले.

"हो."

"मग राहू दे, सर. घाई कुणाला आहे?"

त्यांनी बाटली परत पिशवीत घातली. जाताना ती माझ्या हाती देऊन म्हणाले, "मेला की लगेच काढून यात टाक. जमलं तर जमलं." मी रोज पहाटे उठून आधी घमेल्याशी येते.

आज एका मादीच्या पोटाशी पिशवी भरलेली दिसतेय. तपकिरी, खसखशीसारखं काहीतरी. अंडी असतील. माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास नाही, म्हणून खात्रीनं लिहीत नाही. असली तरी ती कुठं सोडायची हे मला माहीत नाही. त्यांचं डबकं आता आटत नाही.

पाऊस पाच दिवस उघडलाय. पडवीत ऊन येतंय. आबा तांब्या घेऊन आले. माझ्याइतकाच त्यांचाही जीव या किड्यांत गुंतलाय, कबूल करत नाहीत एवढंच.

"अगं, पानी घाल की. मरतील त्या."

तांब्या भरलेला होता. कालव्याचं पाणी, थंडगार. माझा हात पुढे झाला, सवयीनं.

"वाळू दे, आबा," मी म्हणाले, आणि तांब्या त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवला.